बुडालेल्या शहराचा खरा शेवट

जग बुडालेलं, जळालेलं, ओस पडलेलं, कसंही असलं तरी आबांना चालायचं. ते पुन्हा सुरू झालं नाही तर मात्र चालायचं नाही. गोष्टीच्या शेवटी दिवे लागले पाहिजेत, एवढा एकच त्यांचा हट्ट. मी दर रविवारी दुपारी एक जपानी ॲनिमे चित्रपट बघायचे आणि बघता बघता तो त्यांना सांगायचे. पंचाईत अशी, की ह्या जपानी लोकांना शेवटी दिवे लावायची फारशी हौस नाही.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात गेली, कंट्रोल रूममध्ये, वीज तयार करणाऱ्या एकाच संचावर. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही जवळच्याच नव्या वस्तीत लहानसं घर बांधलं. माणसं प्लॉट घेताना पाणी बघतात, रस्ता बघतात. आबांनी गच्चीवरून केंद्राच्या चिमण्या दिसतात की नाही ते बघितलं. घर झालं आणि चार वर्षांत काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. मग आई गेली. मी भुसावळला एका ऑफिसात कारकून आहे. लग्न केलेलं नाही, आणि आता का केलं नाहीस असं विचारणारंही कोणी उरलेलं नाही. दिवसभरात ऑफिसात मी जेवढं बोलते, तेवढं एका पोस्टकार्डावर सहज मावेल.

आबांचा दिवस धुराच्या चौकशीनं सुरू व्हायचा. "आज धूर कथा चालना?" धूर कुठं चाललाय, हे वीजकेंद्राच्या कॉलनीत राहिलेल्या माणसाला कळल्याशिवाय चैन पडत नाही. इतर गावांत बायका कपडे वाळत घालताना आभाळाकडे बघतात, आमच्याकडे चिमणीकडे बघायच्या. धूर अंगावर येत असला की दोऱ्या रिकाम्या आणि पापड-कुरडया घरात, नाहीतर सगळ्यावर राख. तापीकडे वळला की गच्च्या भरायच्या. पुढं राख अडवणारी चांगली यंत्रं आली, राख कमी झाली, पण सवय काही सुटली नाही. डोळे गेल्यावर आबांसाठी मी सकाळी गच्चीवर जाऊन बघायचे आणि खाली येऊन सांगायचे. आज तापीकडे. आज वरणगावकडे. आज आपल्याकडे. मग त्यांना चहा गोड लागायचा.

ॲनिमेचं वेड मला चाळिशीत लागलं. भाची उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती, तिनं माझ्या मोबाइलवर काहीबाही सुरू करून दिलं. सुट्टी संपली, भाची गेली, वेड राहिलं. ऑफिसात एकदा डब्याच्या वेळी बोलून गेले, तर शेजारची म्हणाली, "या वयात कार्टून?" तेव्हापासून तोंडाला कुलूप लावलं.

खरं सांगायचं तर त्यातल्या उद्ध्वस्त जगांनी मला धरून ठेवलं. ज्या देशानं स्वतःची शहरं जळून राख झालेली पाहिलीत, त्यानं जगाचा शेवट पुन्हा पुन्हा काढावा यात नवल नाही, एवढं मलाही कळत होतं. पण तो शेवट ते इतका देखणा काढतात, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. गवतातून वर आलेले रूळ. रिकाम्या शाळेच्या खिडकीतून आत आलेला वेल. धुतल्यासारखं स्वच्छ आभाळ आणि एकच माणूस चाललेलं, घाई नसलेलं. याउलट जिथं सगळं सुखाचं असतं, कोणी आजारी पडत नाही, भांडत नाही, म्हातारं होत नाही, त्या जगाच्या तळाशी हमखास काहीतरी कुजलेलं निघतं. तिथं हसरे चेहरे दिसले की मला आमचा नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवायचा. मला त्या सुखी शहरात राहायला नको वाटायचं. ओस पडलेल्या गावात मात्र मी चटकन सामान टाकलं असतं. एकटं पडायचंच असेल, तर निदान सगळं जग एकटं असावं, असं मला वाटायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायचं खरं.

आबांना सांगायला सुरुवात झाली ती इअरफोन बिघडल्यामुळं. एका रविवारी दुपारी मी नाइलाजानं मोबाइलचा आवाज मोठा ठेवून बसले. आबा पलंगावर आडवे होते. एक मुलगी जपानीत हळू काहीतरी बोलत होती.

"काय म्हनी राहिनी ती?" आबांनी विचारलं.

मी खालची अक्षरं वाचून सांगितलं. मग तिला कोण काय म्हणालं ते सांगितलं. मग ती कुठं उभी आहे, मागं काय दिसतंय, पाण्याचा रंग कसा आहे, हे सगळं आलंच. दोन तास मी बोलत होते. इतकं सलग मी कधी कोणाशी बोलले असेन असं वाटत नाही. संपलं तेव्हा घसा बसला होता आणि मला फार बरं वाटत होतं.

तो चित्रपट बुडालेल्या शहराचा होता. समुद्र वर आलाय आणि उंच इमारतींचे फक्त वरचे मजले पाण्याबाहेर राहिलेत. माणसं एकेक करून नावेत बसून निघून जातात. एका इमारतीच्या माथ्यावर दिवा लावायचं काम त्या मुलीकडे असतं, ती राहते.

आबा उठून बसले. "डिझेल जनरेटर शे का तठे?"

मी म्हटलं, "असेल."

"असेल नही, पाहिजे." आणि आबा सुरू झाले. बंद पडलेलं केंद्र म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. सगळीकडे अंधार झाला की औष्णिक संच आपला आपण उठत नाही. त्याचे पंखे, त्याचे पंप हलायलाच आधी वीज लागते, आणि ती दुसरीकडून यावी लागते, एखाद्या धरणावरच्या जलविद्युत केंद्रातून. तोवर डिझेलवर यंत्राचं तेलपाणी सांभाळत बसायचं. पलीकडच्या केंद्रातल्या माणसाशी फोनवर बोलत बसायचं. मग तिकडून वीज येते, मग आधी तेल पेटवायचं, मग कोळसा. आबांनी हे आयुष्यात दोनदा केलं होतं, आणि सांगताना त्यांचे हात हवेत खटके दाबत होते. आई गेल्यावर त्यांच्या हातांत एवढी जान मी पाहिली नव्हती.

"मंग? पानी उतरनं का नही? दिवा लागनात?"

पाणी उतरलं नव्हतं. मुलगी एकटी राहिली होती, आणि चित्रपट तिथंच संपला होता. पण आबांचे हात हवेत होते. मी म्हटलं, "हो आबा. नाव आली, त्यात इंजिनिअर होते. पाणी उपसलं, आणि सगळं शहर उजळलं."

"बठ्ठा दिवा लागनात?"

"सगळे."

आबा समाधानानं आडवे झाले आणि घोरायला लागले. तो माझा पहिला खोटा शेवट.

मग सवय झाली. काचेच्या घुमटाखाली लोकांना हसायच्या वेळा ठरवून देणारं शहर आलं, मोठी माणसं एका दिवसात नाहीशी झालेलं गाव आलं, कोणी प्रवासी नसताना गाड्यांच्या घोषणा करत राहिलेलं यंत्र आलं. सगळ्यांचे दिवे मी लावले. लहान मुलांकडून बॉयलर पेटवून घेतला. त्या बिचाऱ्या यंत्राच्या फलाटावर मी गाडी आणली, ती भरून आणली, आणि वर चहावालाही चढवला. माझ्या थापांना आबा तांत्रिक आधार द्यायचे, त्यामुळं त्या अगदी खऱ्या वाटायच्या.

एकाच गोष्टीवर त्यांचा राग होता. ह्या चित्रपटांत चांगलं जग म्हणजे झाडं, विहीर, डोंगरातलं चिमुकलं गाव. वाईट जग म्हणजे नळकांडी, कोळसा आणि चिमण्या. प्रत्येक वेळी.

"चिमनीनी त्यास्नं काय घोडं मारेल शे?" आबा विचारायचे.

आबांचं लहानपण साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावात गेलं. पावसावरची शेती, आजूबाजूला जंगल. मला ते गाव आवडायचं, लहानपणी तिथं गेलं की परत यावंसं वाटायचं नाही. आबांना त्यातलं एकच आठवायचं, अंधार. कंदिलाची काच फुटली की पुढच्या बाजारापर्यंत घर आंधळं. त्यांच्या धाकट्या भावाला अंगणात साप चावला, आणि तो कुठल्या बाजूनं आला हे कोणाला दिसलं नाही. आबा पहिल्यांदा दीपनगरला आले आणि आख्खी कॉलनी लख्ख उजळलेली पाहिली, तेव्हा त्यांना रडू आलं होतं. स्वर्ग कुठं असतो हे त्यांनी विशीतच ठरवून टाकलं होतं, आणि त्याला चिमणी होती. "त्या जपानीले एक पावसाया आपला गावले काढू दे," ते म्हणायचे. "मंग देखू त्याना झाडं."

मी हसायचे. पण त्यांचं खरं होतं, आणि त्या जपान्यांचंही खोटं नव्हतं, आणि मधे मी बसलेले.

आबांचा संच जुना झाला होता. तो बंद झाला तेव्हा मला ऑफिसातूनच कळलं. घरी आले, तर आबांनी विचारलं, धूर कुठं चाललाय. दुसऱ्या, नव्या चिमणीतून निघत होता, तो मी सांगितला. आबांना वाटलं त्यांच्या चिमणीचा. मी दुरुस्त केलं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. त्यांच्या बरोबरीची माणसं आपापल्या गावी गेलेली, एकदोन वारलेली, फोन येणंच थांबलेलं. त्यांना सांगणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मला भीती कशाची होती ते सांगते. आई गेली तेव्हा आबांनी सहा दिवस अन्नाला हात लावला नव्हता. संच गेल्याचं कळलं तर ते पुन्हा तसे बसतील, ही एक. आणि दुसरी, जी मी स्वतःशी कबूल करत नव्हते, ती अशी, की एक थाप उघडी पडली की सगळ्या पडतील. मग ते माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, रविवार संपेल, आणि या जगात मी ज्या एका माणसाशी बोलते तोही जाईल. त्यांच्यासाठी लपवते असं म्हणत मी माझ्यासाठीच लपवत होते.

मग आबांच्या संचाची चिमणी पाडायची ठरली. आवाज वस्तीपर्यंत येणार हे उघड होतं. मी रजा टाकली आणि आबांना साक्रीकडे आत्याकडे घेऊन गेले. आत्याला तुमची आठवण येते म्हटलं. आबा एसटीत कुरकुरत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात खाटेवर ऊन खात बसलेले, आत्या त्यांना कोण मेलं कोण जगलं ते सांगत होती, आणि मी मागच्या दारात जाऊन मोबाइल बघत होते. ऑफिसच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. मी आवाज बंद केला. चिमणी जरा वेळ तशीच उभी राहिली, मग आपल्याच पायांवर बसल्यासारखी खाली आली, आणि धुळीचा लोट उठला. व्हिडिओ काढणारी माणसं टाळ्या वाजवत होती. मी आजवर इतकी शहरं कोसळताना पाहिली होती, मिटक्या मारत पाहिली होती. ही एकच चिमणी पाहताना मला रडू आलं, आणि ज्यांना रडायचा हक्क होता ते पुढच्या अंगणात आत्याला विचारत होते, तुमच्याकडे वीज किती तास असते.

परत आल्यावर मी आणखी सफाईनं खोटं बोलायला लागले. उरलेल्या नव्या चिमणीचा धूर उंचावरच विरून जायचा, वस्तीवर येतच नसे, पण रोज तापीकडे म्हटलं तर संशय येईल, म्हणून वारा मनानंच बदलत ठेवला. गच्चीवर जायचंही सोडलं. आतल्या खोलीतून वेणी घालता घालता सांगायचे, आज वरणगावकडे, आज आपल्याकडे.

त्यातच उन्हाळा आला. शेजारची काकू दरवर्षी आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालते. ओले, पातळ, ताटाएवढे. वाळले की पापडासारखे भाजून खायचे. राखण करायला आबा असायचे, सावलीत खुर्ची, हातात काठी, पाखरांचा आवाज आला की आपटायची. हे काम त्यांना आवडायचं. त्या रविवारी सकाळी मी त्यांना सांगून बसले होते, की आज धूर आपल्याकडे.

मी गच्चीच्या जिन्यात होते, चहा घेऊन वर येत होते. काकू बिबडे टाकून कंबर सरळ करत होती. आबांनी ओल्या पिठाचा वास घेतला आणि काठी थांबवली.

"धूर आज आपलाकडे शे," आबा म्हणाले, "मंग तू बिबडा कशा टाक्यात?"

काकू भोळी. "कोनता धूर, आबा?" ती म्हणाली. "ते तुमची चिमनी तं कवाच पाडली ना. तुमी साक्रीले गेल्ते तवाच."

असली चूक आमच्याच गावात होऊ शकते. धूर अंगावर येतोय म्हणून सांगायचं आणि त्याच गच्चीवर बिबडे टाकू द्यायचे. मी कॉलनीत जन्मलेली, आईच्या हाताखाली पंधरा उन्हाळे पापड उचलत धावलेली, मला हे सुचू नये. चिमणी नसल्याची मला इतकी सवय झाली होती, की काकूला नको म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आबा पाखरांना हाकलत राहिले. चहा त्यांनी घेतला. बिबडे वाळेपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत आणि संध्याकाळी काकूला म्हणाले, यंदा छान झालेत.

जेवले ते रोज. तेवढी माझी भीती खोटी ठरली. पण धुराची चौकशी थांबली. सकाळी मी केस विंचरत उभी राहायचे आणि घर गप्प असायचं. ऑफिसातून आले की आबा म्हणायचे, "उनी का?" आणि बस. पुढचा रविवार आला, मी मोबाइल हातात घेतला, त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. मी एकटीनंच बघितलं, आवाज बंद करून. रिकाम्या रस्त्यांचं शहर होतं, तसंच देखणं. मला त्यात काही म्हणजे काही बघवेना. आपलं सामान टाकायला मी ज्या गावाची वाट बघत होते ते हेच, आणि त्यात एक दुपार काढणंही मला जड गेलं.

असे तीन रविवार गेले. मी माफी मागायची ठरवायचे आणि ताट वाढून परत फिरायचे.

चौथ्या रविवारी जेवण झाल्यावर आबा आपण होऊन उठून बसले. पाठीशी उशी घेतली. म्हणाले, "त्या बुडेल शहरनं सांग."

"आबा, मी तेव्हा..."

"जे व्हयनं तेच सांग."

मोबाइलची गरज लागली नाही, तो शेवट मला पाठ होता. मी सांगितलं. नाव आली नाही. इंजिनिअर नव्हतेच. पाणी उतरलं नाही. माणसं गेली ती गेली, त्यांतलं कोणी परत आलं नाही. मुलगी रोज संध्याकाळी जिना चढून वर जाते आणि दिवा लावते, आणि तो पाण्यात दिसतो. शेवटी कॅमेरा लांब लांब जातो आणि दिवा एवढासा होतो, एवढंच.

मला वाटलं आता ते चिडतील, किंवा डिझेलचं विचारतील. आबांचे हात मांडीवर होते, ते हलले नाहीत.

"तिले माहीत व्हतं का, कोनी येवाव नही ते?"

"हो. तिला माहीत होतं."

"तरी लावे?"

"हो."

आबांनी तोंड माझ्याकडे केलं. डोळे गेल्यापासून ते बोलताना आवाजाच्या जरा डावीकडे बघतात, त्या दिवशी बरोबर माझ्याकडे बघत होते. संचाचं नाव त्यांनी काढलं नाही. चिमणीचं काढलं नाही.

"मी गया ते तू कोनासंगे बोलशी?" त्यांनी विचारलं.

उत्तरं माझ्याकडे तयार होती. ऑफिसात मैत्रिणी आहेत. शेजारी काकू आहे. भाची येते सुट्टीत. एकेका उत्तरात मला लगेच माणसं भरता आली असती, फलाटावर भरली होती तशी.

"कोणाशीच नाही, आबा," मी म्हटलं.

"माले वाटनंच," आबा म्हणाले, आणि पलंगावर बाजूला सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.